टाचणीनं टाके उसवले

जहाजावर तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं तशीच होती म्हणून एक, आणि बोलायला लागली की टोचायची म्हणून दुसरं. हे नाव नक्की कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण प्रत्येक जण ते आपणच ठेवलं असं छातीठोकपणे सांगायचा. तिला विचारलं तर म्हणायची, "ठेवणाऱ्याला पुढे या म्हणावं, मग सांगते." अजून तरी कोणी पुढे आलेलं नाही.

ती खलाशी होती. मालवाहू जहाजाच्या डेकवर दोर ओढायचे, गंज खरवडायचा, रंग द्यायचा, शिडी लावायची, पाळी आली की सुकाणूपाशी उभं राहायचं, ही तिची कामं. लोकांना वाटतं, जहाजावर बाई आहे म्हणजे ती प्रवाशांना सरबत देत असणार. सुट्टीत घरी गेली की शेजारच्या काकू दर वेळी विचारतात, "तुमच्या बोटीवरचे पाहुणे चांगले असतात ना गं?" आणि टाचणी दर वेळी सांगते, "काकू, आमच्या बोटीवर पाहुणे नसतात, सिमेंट असतं." काकूंना ते दर वेळी नवीन असतं.

तिची आई शिवणकाम करते. घराची पुढची खोली हेच दुकान: दाराशी मशीन, मशीनच्या पायाशी चिंध्यांचा ढीग, भिंतीवर खिळ्यांना लटकलेले अर्धे शिवलेले कोट आणि आईच्या गळ्यात टेप. तो टेप आई जेवतानाही काढत नाही. टाचणी त्याच मशीनखाली बसून वाढली. अक्षरं गिरवायच्या आधी ती काजं करायला शिकली. पोरगी दुकान मोठं करील असं आईच्या मनात होतं. पोरीनं शाळा संपल्यावर परस्पर खलाशाच्या प्रशिक्षणाला नाव घातलं आणि मग घरी सांगितलं. आईनं बरेच दिवस अबोला धरला. निघायच्या दिवशी मात्र तिच्या बॅगेत सुई-दोऱ्याचा डबा कोंबला आणि म्हणाली, "तिथे शिंपी नसेल."

तिथे शिंपी नव्हताच. आणि गरज तर पहिल्याच दिवशी पडली. टाचणीच्या हातात जो बॉयलर सूट, म्हणजे सदरा-विजार एकत्र असलेला कामाचा पोशाख, पडला त्यात ती आणि तिची धाकटी बहीण दोघी मावल्या असत्या. बूट असे, की पाय पुढे निघून जायचा आणि बूट मागाहून यायचा. हातमोजे घातले की बोटांना बोटं सापडत नसत. कंपनीचं सगळं सामान एकाच मापाचं यायचं. त्या मापाचा तो उंच, धिप्पाड पुरुष कुठे राहतो, कंपनीनं त्याला कधी पाहिला, देव जाणे. जहाजावर तरी तो नव्हता. कुकदादांच्या पोटावर सूटची बटणं लागत नसत, तर इंजिनरूममध्ये यंत्रांना तेल देणारा ऑइलर बाह्या कोपरापर्यंत दुमडून फिरायचा. सगळे आपापल्या परीनं निभावून नेत होते.

दुसऱ्या कोणी तक्रार केली असती. टाचणीनं डबा उघडला. सूट उसवून कमरेत घेतला, पाय आखूड केले, बाह्या कापल्या, मोज्यांची बोटं शिवून काढली, बुटांत आणि हेल्मेटमध्ये कापसाच्या गाद्या करून घातल्या. चार दिवसांत ती अशी दिसू लागली जणू कंपनीनं तिच्यासाठी खास शिंपी ठेवलाय. चीफ ऑफिसर, म्हणजे डेकवरच्या सगळ्या कामांचा मुख्य, तिला सगळ्यांसमोर उभं करून म्हणाला, "बघा, याला म्हणतात खलाशी! मागणं नाही, रडगाणं नाही." टाचणीच्या अंगावर तेव्हा मूठभर मांस चढलं. आता ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

कारण मग तिनं हार्नेसलाही सुई लावली. हार्नेस म्हणजे मांड्यांभोवती आणि खांद्यांवरून जाणारे जाड पट्टे. कठड्याबाहेर काम करताना माणूस घसरला तर त्यांनीच त्याला धरून ठेवायचं. ते पट्टे शेवटच्या टोकापर्यंत आवळले तरी तिच्या मांडीला सैल राहायचे. तिनं जाड दोरा घेतला, पट्टा दुमडला आणि टाके घातले. टाके देखणे होते. खलाशांचे म्होरके बोसनकाका, ज्यांची हयात समुद्रावर गेली, त्यांनी ते हातात धरून पाहिले आणि म्हणाले, "पोरी, शिवलंयस झकास. पण हे कापड नव्हे गं." ती हसली आणि विसरून गेली. अशी काही वर्षं गेली.

बंदर जवळ आलं असताना एका दुपारी ती उतरायच्या शिडीवर, जहाजाच्या बाहेर, कठड्याचे खांब बसवत होती. एक खांब खाचेत अडकला होता. तिनं हिसका दिला, खांब एकदम सुटला आणि टाचणीचा तोल गेला. तिचं वजन हार्नेसवर आलं तसे ते देखणे टाके चर्रकन उसवले. मांडीचा पट्टा सुटून वर सरकला, खांद्याचे पट्टे कानांपाशी आले आणि ती त्या जाळ्यातून खाली निसटायला लागली. खाली हिरवं पाणी आणि जहाजाची लोखंडी कूस, मधे काही नाही. बोसनकाका पालथे पडले, त्यांनी तिच्या सूटची मानगूट पकडली आणि ओढून वर घेतली.  

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये, म्हणजे जेवणाच्या खोलीत, सगळ्यांना बोलावलं. कॅप्टन मधे बसले. निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ, भांडण दिसलं की चष्मा पुसायला घ्यायचे. चीफ ऑफिसरनं तो उसवलेला हार्नेस टेबलावर टाकला.

"टाके कोणी घातले?"

"मी."

"कोणाला विचारून?"

"सूट शिवला तेव्हा तुम्हीच पाठ थोपटलीत, साहेब."

"सूट वेगळा, हार्नेस वेगळा! कंपनीच्या सामानाशी खेळ केलास तू. काल मेली असतीस तर आम्ही काय उत्तर दिलं असतं?"

यातली अर्धी गोष्ट खरी होती, हेच तिचं दुखणं होतं. हार्नेसला टाका घालायचा नसतो, एवढं तिला कळायला हवं होतं. पण उरलेली अर्धी कोणी बोलेना, म्हणून ती बोलली. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात नुकतीच सुधारणा लागू झाली होती: अंगावर घालायचं संरक्षणाचं सामान प्रत्येकाला त्याच्या मापाचं द्यायचं. कॅप्टननी हे याच मेसमध्ये वाचून दाखवलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

"नियम आलाय ना साहेब मापाचा? मग मला माझ्या मापाचा हार्नेस द्या."

"आपलं सामान फ्री साइज आहे. सगळ्यांना बसतं."

"मला बसत नाही."

"मग तू या कामाची नाहीस," चीफ ऑफिसर म्हणाला. "आणि ऐका सगळे. आजपासून कंपनीच्या कुठल्याही सामानाला कोणी सुई लावायची नाही."

"कुठल्याही?" टाचणीनं विचारलं.

"कुठल्याही!" त्यानं टेबलावर हात आपटला. कॅप्टनचा चष्मा एव्हाना लख्ख झाला होता.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. आई रडेल, परत ये म्हणेल, असं तिला वाटलं होतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि कडाडली, "वजन पेलायच्या पट्ट्याला हातशिलाई? हे शिकवलं मी तुला?"

"चुकलं गं."

"चुकलंच. आणि आणखी एक चुकलं. इतकी वर्षं तू त्यांचं सामान दुरुस्त करत राहिलीस. मी गिऱ्हाइकाची बाही तरी फुकट आखूड करते का? तू अख्ख्या कंपनीचं झाकत बसलीस. त्यांना कसं कळणार माप चुकलंय ते?"

 आपल्याला सामान बसत नाही हे जगात एकट्या टाचणीलाच ठाऊक होतं, कारण ते बसत नाही हे दिसू नये याची चोख व्यवस्था तिनंच केली होती. रागानं तिच्या अंगाची लाही लाही झाली. निम्मा राग चीफ ऑफिसरवर होता आणि निम्मा स्वतःवर, पण दोन्ही एकाच ठिकाणी काढायचं तिनं ठरवलं.

रविवारी दुपारी, सगळे मेसमध्ये चहा पीत बसले असताना, ती आपले सगळे सूट, मोजे, बूट आणि हेल्मेट घेऊन आली आणि मधल्या टेबलावर बसली. डब्यातून छोटी कात्री काढली आणि उसवायला लागली. कंबर उसवली, बाह्या उसवल्या, पायांच्या दुमडी सोडल्या. कापून टाकलेले बाह्यांचे तुकडे तिनं जपून ठेवले होते, तेही होते तसे परत जोडले.

"अगं, ही सुई चालते होय?" कुकदादांनी विचारलं.

"कंपनीची वस्तू कंपनीला जशीच्या तशी परत करतेय, दादा. एवढी शेवटची."

मग तिनं बुटांतल्या आणि हेल्मेटमधल्या गाद्या काढून कचऱ्यात टाकल्या आणि डबा बंद केला.

सोमवारी सकाळी ती कामावर आली तेव्हा डेकवर जो तो आ वासून बघत राहिला. सूटचे पाय जमिनीवरून फरफटत होते, बाह्या गुडघ्याशी लोंबत होत्या, हेल्मेट नाकावर आलं होतं आणि प्रत्येक पावलाला बूट थपाक थपाक वाजत होते. पूर्वी जी शिडी ती भुर्रकन चढायची तिथे आता दर पायरीला थांबून कापड गोळा करावं लागायचं.

"हे काय सोंग आहे?" चीफ ऑफिसर ओरडला.

"कंपनीचं सामान आहे, साहेब. आलं तसं."

"पाय वर घे ते!"

"टाक्याशिवाय राहत नाही. आणि सुई बंद आहे."

बोसनकाकांनी तोंड समुद्राकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलताना सगळ्यांना दिसले.

हा तमाशा चीफ ऑफिसरला मोडून काढता येईना. शिव म्हणावं तर स्वतःचाच हुकूम मोडतो, आणि मापाचं मागवावं तर नाक कापलं जातं. तोवर ऑइलरनं बाह्या दुमडणं सोडून दिलं होतं. कुकदादा तर सूटची बटणं सताड उघडी टाकून, पोट पुढे करून, राजासारखे फिरू लागले. विचारलं की म्हणायचे, "फ्री साइज आहे. मीच चुकीच्या मापाचा निघालो."

शेवटी पुढच्या बंदराला लागायच्या आदल्या दिवशी चीफ ऑफिसरनं तिला एकटीला गाठलं. "उद्या शिडी लावायला तूच बाहेर जायचंस. हाच हार्नेस घालून."

"मापाचा द्या, आत्ता जाते."

"हाच आहे."

"मग नाही जाणार."

जहाजावर 'नाही' हा शब्द सहसा कोणी वापरत नाही. 'बघतो', 'करतो', 'जरा थांबा' असे त्याचे भाऊबंद वापरून दिवस काढतात. चीफ ऑफिसरनं तो कित्येक वर्षांत ऐकला नसावा. त्याच्या चेहऱ्याचा रंगच पालटला. "बांध सामान. बंदरातून घरी जायचं. आणि तुझा रिपोर्ट असा लिहीन की परत कुठली कंपनी तुला दारात उभी करणार नाही."

हा धाक पोकळ नव्हता. चांगला रिपोर्ट नसेल तर पुढचं जहाज मिळत नाही. बोसनकाका निवृत्त झाले की त्यांच्या जागी बसायचं स्वप्न टाचणी कधीपासून बघत होती, काकांनी तसा शब्दही टाकला होता. सगळं एका हार्नेसपायी पाण्यात जाणार होतं. केबिनमध्ये जाऊन तिनं सुई-दोऱ्याचा डबा हातात घेतला. माफी मागावी, डबा उघडावा, चार टाके घालावेत आणि मोकळं व्हावं, असंही मनात येऊन गेलं. मग तिला खालचं ते हिरवं पाणी दिसलं आणि ती तडक कॅप्टनच्या केबिनकडे निघाली.

"साहेब, मी तुमच्याकडे तक्रार करतेय. थेट करता येते, नियमात आहे. आणि केली म्हणून शिक्षा करता येत नाही, तेही आहे."

कॅप्टननी चष्मा काढला. "मागवू आपण. पुढच्या फेरीत बघू."

"पुढच्या फेरीत मी असेन का, साहेब?"

 "तक्रार घेतली," एवढंच कॅप्टन म्हणाले.

शिडी लावायला दुसऱ्या दिवशी बोसनकाका स्वतः गेले. जहाज धक्क्याला लागलं आणि बातमी आली की बंदराचा तपासनीस येतोय. जहाजावर झेंडा कुठल्याही देशाचा असो, ज्या बंदरात ते लागेल तिथले अधिकारी येऊन बघू शकतात. चीफ ऑफिसरनं टाचणीला सांगितलं, "तू लॉन्ड्रीत जाऊन बस. तो जाईपर्यंत वर दिसायचं नाही." पण शिडीपाशी पहाऱ्याला कोण उभं राहणार हे बोसनकाका ठरवत आणि त्यांनी टाचणीला केव्हाच तिथे उभं करून ठेवलं होतं. चीफ ऑफिसर धावत येईस्तोवर तपासनीस शिडीच्या मध्यावर पोचला होता.

तपासनीस वर आला आणि थबकला. समोर एक बॉयलर सूट उभा होता आणि त्याच्या वर एक हेल्मेट. आलेल्याचं ओळखपत्र बघायचं असतं म्हणून सूटनं बाही पुढे केली आणि बाहीतून हात बाहेर यायला बराच वेळ लागला.

"हे तुमचंच आहे का?" त्यानं विचारलं.

"कंपनीचं आहे, साहेब," आतून आवाज आला. "मी आत आहे."

तपासनीस हसला नाही. त्यानं तिला हार्नेस घालून दाखवायला सांगितला. तिनं घातला, सगळे पट्टे आवळले. त्यानं मांडीच्या पट्ट्यात हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. मग तो म्हणाला, "सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून डेकवर बोलवा."

सगळे रांगेत उभे राहिले. रोज निभावून नेणारी ती माणसं त्या दिवशी काहीही निभावून न्यायला तयार नव्हती. ऑइलरचं जॅकेट हात वर केले की डोक्यावरून निघून यायचं. कुकदादांचा पट्टा पोटाला अर्धा वेढा घालून थांबला होता. एरवी ते मधे सुतळी बांधायचे, आज बांधली नव्हती.

"पाण्यात पडलात तर?" तपासनीसानं विचारलं.

"जॅकेट तरंगेल, साहेब. माझं सांगता येत नाही."

चीफ ऑफिसर पुढे झाला. "सामान फ्री साइज आहे. आजवर कोणाची तक्रार नव्हती."

"माझी आहे," टाचणी रांगेतून म्हणाली.

"माझी पण," ऑइलर म्हणाला. आणि मग, कधी नव्हे ते, रांगेच्या टोकापर्यंत एकेक आवाज येत गेला. बोसनकाकांचं सामान त्यांना व्यवस्थित बसत होतं, तरी त्यांनीही हात वर केला.

तपासनीसानं जास्त काही सुनावलं नाही. नियम लागू झालाय, सामान प्रत्येकाच्या मापाचं आल्याशिवाय जहाज हलणार नाही, एवढं कॅप्टनला सांगून तो कॉफी प्यायला बसला.

सामान पुरवणारा माणूस दुपारी टेप घेऊन आला. टाचणीची पाळी आली तसा चीफ ऑफिसर म्हणाला, "हिचं नको. ही घरी चाललीय."

कॅप्टननी चष्मा पुसला नाही, डोळ्यांवर चढवला. "कोणी घरी जात नाहीये. तक्रार करणाऱ्याला उतरवता येत नाही आणि तिची तक्रार मी घेतलीय." तपासनीसाची कॉफी अजून संपली नव्हती म्हणून ते असं बोलले, असं काही जण म्हणतात. असेलही. तरी बोलले. टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तिनं हेल्मेट आणखी खाली ओढलं. एवढा एक उपयोग त्याचा झाला.

"स्मॉल लिहू का?" टेपवाल्यानं विचारलं.

"लिहायचं नंतर. आधी टेप लावा."

नवीन सामान आलं. जहाज निघायच्या आधी, पाण्यात ते किती खोल बसलंय हे दाखवणारे बाहेरचे आकडे रंगवायचे होते. चीफ ऑफिसरनं ते काम दुसऱ्या खलाशाला सांगितलं. टाचणीनं मधेच रंगाचा डबा उचलला. "माझं काम आहे ते." ती कठडा ओलांडून बाहेर गेली, खाली उतरली आणि सगळं वजन हार्नेसवर टाकलं. पट्टे मांड्यांना घट्ट बसले, कुठे सरकले नाहीत. तिनं दोन्ही हात सोडले आणि थोडा वेळ नुसती लटकून राहिली.

वर कठड्यावर चीफ ऑफिसर वाकला होता. "झालं समाधान? रिपोर्ट अजून मीच लिहिणार आहे. भांडखोर म्हणून लिहिणार. बघू पुढच्या जहाजावर तुला कोण घेतं ते!"

टाचणीनं ब्रश रंगात बुडवला.

"लिहा, साहेब. ठळक लिहा. आणि त्याच्या खाली माझं माप लिहा. पुढच्या जहाजाला ते लागेल."